ट्यूलिपमधली टर्की

३ मार्च, मंगळवार

शॉनाने मला न विचारता माझं नाव चर्चच्या बायकांच्या मंगळवारच्या वर्गात घालून टाकलं. कॉम्प्युटरवर फोटोंची सजवलेली पानं करायचा वर्ग. फोनवर म्हणाली, "आई, तू घरात नुसती बसून बसून टर्कीसारखी होशील."

मी म्हटलं, "टर्की बसत नाहीत. उभ्या उभ्या काळजी करतात. तुझ्या बापाने आयुष्यभर पाळल्या, तुला एवढंही माहीत नाही?"

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

गेले. डेलॉय जाऊन पाच महिने होतील. संध्याकाळी कुठे तरी जायला हवंच होतं, कारण संध्याकाळी तो खुराड्यांवरून परत यायचा आणि दार त्याच्याच पद्धतीने आपटायचा. आता दार नीट बंद असतं. मला ते आवडत नाही.

वर्ग घेते ती जॅनली. पाच मुलांची आई आणि बोलते अशी की काहीतरी विकायलाच आली आहे. आमच्या चर्चमध्ये सगळ्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणतात. "इतकं सोपं आहे, सिस्टर ऑस्लर, की तुम्हाला रडू येईल!"

"रडायला माझ्याकडे दुसरी कारणं आहेत," मी म्हटलं.

मी असं काहीतरी बोलून जाते आणि मग लोकांना बरं वाटावं म्हणून त्यांनी आणलेलं सगळं खावं लागतं. आज लिंबाच्या वड्या होत्या.

वर्गात शिकवलं ते असं. स्क्रीनवर एक काळा आकार असतो: बदाम, पान, अंडं, कडा फाटल्यासारखा दिसणारा चौकोन. त्याला मास्क म्हणतात. त्याच्यावर फोटो ठेवायचा आणि दोन कळा एकदम दाबायच्या. फोटो त्या काळ्यात जाऊन बसतो, बाहेरचं सगळं नाहीसं होतं. जॅनलीने करून दाखवलं तेव्हा बायकांच्या तोंडून "अय्या" निघालं. माझ्याही निघालं, पण मी ते खोकल्यात लपवलं.

जुलैत ऑस्लरांचा मेळावा आहे. दर वर्षी फोटोंचं पुस्तक निघतं आणि त्यात वर्षभरात गेलेल्या माणसाला एक अख्खं पान मिळतं. या वर्षी ते डेलॉयचं. आजवर पुस्तक माझी नणंद लारू कागद, गोंद आणि कात्रीने करायची. या वर्षी पुतणे मंडळींनी ठरवलं की सगळं कॉम्प्युटरवर करायचं आणि छापखान्यात पाठवायचं. लारूकडे कॉम्प्युटर नाही. तेव्हा डेलॉयचं पान मी करणार.

१० मार्च, मंगळवार

वर्गात माझ्या शेजारी खुर्ची ओढून कोण बसावं? लारू.

"तुझ्याकडे कॉम्प्युटर कुठे आहे?" मी विचारलं.

"तुझ्याकडे आहे ना."

लारू डेलॉयची थोरली बहीण. तिचा नवरा व्हर्न गेल्यापासून आमच्या मागच्या रस्त्यावर एकटी राहते. शाळेची बस चालवायची, आणि अजूनही माणसांशी अशी बोलते की जणू सगळी मुलं मागच्या सीटवर दंगा करताहेत. तिच्या हातात ती कात्री आली तेव्हापासून आमच्या घराण्यात एकही माणूस चौकोनी राहिलेला नाही. लाटांसारख्या कडा कापणारी कात्री. तिच्या अल्बममध्ये ऑस्लर लोक अंड्यांच्या, घंटांच्या आणि ख्रिसमसच्या झाडांच्या आकारात आहेत. खरे फोटो कापले तिने, नकला नव्हेत. निगेटिव्ह तिच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. आमच्या लग्नाच्या फोटोची तिने घंटा केली. त्यात माझी आई गेली, तिची पर्स तेवढी राहिली.

आज जॅनलीने मास्क उघडल्या उघडल्या लारू म्हणाली, "यात नवीन काय? हेच तर मी करत आलेय. मधोमध कोण आहे ते बघायचं, बाकी उडवायचं."

"मधोमध दर वेळी तूच असायचीस."

"मी उंच आहे. उंच माणसं मध्येच उभी राहतात."

मग तिने माझा माउस घेतला आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंगसारखा धरला.

१५ मार्च, रविवार

या प्रोग्रामचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक ग्रंथालयातून आणलं आहे. जॅनली म्हणते, ते कुणी वाचत नाही. मी वाचते. शाळा मी लवकर सोडली, पुढचं सगळं ग्रंथालयाने केलं. हातात आलेलं काहीही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, शिवणयंत्राच्या हमीपत्रासकट. डेलॉय म्हणायचा, "नेड्रा, शेवटी खुनी कोण निघालं?"

आज मास्कवरचं प्रकरण वाचलं. त्यात लिहिलं आहे की मास्क फोटो कापत नाही. झाकतो. आकाराबाहेरचा भाग जिथे होता तिथेच असतो. फोटो धरून जरा सरकवला की झाकलेलं पुन्हा दिसायला लागतं.

पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. आज चर्चमध्ये बिशपने परलोकावर भाषण केलं. माणूस चांगला आहे, पण एवढ्या स्वच्छ वाक्यात त्याला ते सांगता आलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

लारूला ते करून दाखवलं. टर्कीच्या कळपाचा एक फोटो बदामात बसवला आणि मग आतल्या आत सरकवला. डावीकडून एक कोपर आत आलं. डेलॉयचं, निळ्या शर्टातलं. कॅमेरा टायमरवर लावून तो स्वतः फोटोत यायला पळत येत असणार, पोचला नव्हता.

"हे कुठून आलं?" लारू.

"होतंच. झाकलेलं होतं."

"घालव बघू."

घालवलं.

"आण."

आणलं.

"पुन्हा कर."

इतक्यांदा करायला लावलं की जॅनली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सिस्टर लारू, आपण आता सावल्या द्यायला शिकतोय."

"तुम्ही द्या सावल्या," लारू म्हणाली. "नेड्रा, पुन्हा कर."

तिच्या वयात एखादी गोष्ट डोक्यात शिरायला वेळ लागतो. मी चिडले नाही.

७ एप्रिल, मंगळवार

डेलॉयच्या पानासाठी डेलॉयचा फोटो हवा, आणि डेलॉयचा फोटोच नाही. कॅमेरा त्याचा होता. सगळे फोटो त्याने काढले, म्हणून तो सोडून सगळे त्यात आहेत. पेट्या उपसल्यावर मिळाली ती गवतावर पडलेली त्याची सावली. भिंगावर आलेला त्याचा अंगठा, तोही बऱ्याच ठिकाणी. टर्की तर इतक्या की घराणं कुणाचं आहे असा प्रश्न पडावा.

लग्नातला कोवळा पोरगा सोडला, तर चेहरा दिसेल असे दोनच. एक चर्चच्या मंडळींच्या नावांच्या पुस्तकातला, त्यात त्याने टाय बांधलाय आणि आत्ताच कुणी तरी पकडून आणल्यासारखा बसलाय. दुसरा मी काढलेला, मागच्या ऑगस्टमधला. जन्मात मी काढलेला त्याचा एकच फोटो. फाटकापाशी उभा आहे, टोपी मागे सरकवलेली, काखेत एक भला मोठा टर्कीचा नर. त्याची नजर कॅमेऱ्याच्या जरा वर आहे, म्हणजे माझ्याकडे.

लारूला टायवाला हवा. अंडाकृती मास्कमध्ये, भोवती चंदेरी नक्षी.

"टर्की काखेत घेऊन स्वर्गात जाणाऱ्या माणसाचं पान करणार आहेस तू?"

"टाय बांधून तो कधी जेवायलासुद्धा गेला नाही, स्वर्गात कशाला जाईल?"

"तुझा नवरा व्हायच्या आधी तो माझा भाऊ होता, नेड्रा."

"आणि माझा नवरा झाल्यावरच दोन वेळ नीट जेवायला लागला."

जॅनलीने मध्ये पडून गाजर घातलेली हिरवी जेली वाढली. अशा वेळी आमच्याकडे जेलीच वाढतात. जेली हलत असताना माणसाला भांडता येत नाही.

१९ एप्रिल, रविवार

जर्दाळूच्या फुलांवर बर्फ पडला. दुसरं काही नाही. लारूचे चार फोन आले. पहिला, टायवाल्यासाठी. नंतरचे तीन कशासाठी ते तिने सांगितलं नाही, हवेबद्दल बोलली. हवा तिच्या घरी आणि माझ्या घरी एकच आहे, असं मी तिला म्हणाले.

२ मे, शनिवार

हे लिहायला हात उचलत नाही, तरी लिहिते.

अंगणात ट्यूलिप फुलले म्हणून मी जॅनलीने दिलेला ट्यूलिपच्या आकाराचा मास्क घेतला आणि त्यात ऑगस्टचा फोटो बसवला. छान बसला. चेहरा वरच्या पाकळीत, टर्की खाली. मग फोनची घंटा वाजली, लारू होती, हवेबद्दल. एका हातात फोन आणि दुसऱ्यात माउस. तेवढ्यात आतला फोटो सरकला असणार, ते मला कळलं नाही. फोन ठेवून मी पुस्तकात लिहिल्याबरहुकूम मास्क आणि फोटो हे एकावर एकचे थर एकत्र केले आणि साठवून ठेवा म्हटलं. प्रोग्रामने एक प्रश्न विचारला. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का?

मी "होय" दाबलं.

मग बघितलं. ट्यूलिपमध्ये टर्की पूर्ण आहे. तुरा, चोच, गळ्याखालचं लाल झोळणं, सगळं व्यवस्थित. डेलॉयची हनुवटी आहे आणि शर्टाचं एक बटण. बाकी पांढरं.

सरकवून बघितलं. पांढरं सरकलं.

पुस्तकात पुढच्याच पानावर चौकटीत लिहिलेलं आहे की थर एकत्र केले की झाकलेलं कायमचं जातं, म्हणून मूळ फाइलवर कधीही साठवू नये. मी एक पान वाचते आणि पुढचं उलटायच्या आधीच करायला जाते, हा माझ्या वाचनाचा दोष.

कॅमेऱ्यातलं कार्ड मी मार्चमध्ये पुसलं. शॉनाला तो फोटो पाठवायचा राहूनच गेला होता.

३ मे, रविवार

उपवासाचा रविवार. महिन्याच्या या रविवारी चर्चमध्ये ज्याला वाटेल तो उठून देवाने आपल्यावर काय कृपा केली ते सांगतो. सिस्टर पेक्टॉल उठल्या आणि हरवलेल्या मोटारीच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या म्हणून रडल्या. मला वाटलं, उठावं आणि विचारावं की देवाला किल्ल्यांसाठी वेळ आहे, मग माझ्या फोटोसाठी का नव्हता. उठले नाही. पोटात काही नसलं की मी जरा कडवट होते.

घरी येऊन उपवास सोडला, मयताचे बटाटे खाऊन. बटाटे, चीज, वर कुरकुरीत चुरा. डेलॉय गेला तेव्हा बायकांनी आणून दिले होते त्यातले गोठवून ठेवलेले हे शेवटचे.

५ मे, मंगळवार

वर्गात सांगितलं. सांगावंच लागलं, लारू स्क्रीनकडे बघत होती.

जॅनलीने होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण प्रोग्रामने विचारलं होतं ना, सिस्टर ऑस्लर? तुम्ही होय का म्हणालात?"

"विचारलं म्हणून."

कुणी हसलं नाही. आमच्याकडे एखादं काम विचारलं की नाही म्हणायची पद्धतच नाही. बिशप बोलावून विचारतो, कराल का? तोंडातून "हो" आधी निघतं, काय करायचंय ते नंतर कळतं. सिस्टर पेक्टॉल म्हणाल्या, "मी अशीच मुलींच्या शिबिराची प्रमुख झाले. मला तंबूची भीती वाटते." दुसरी म्हणाली, "मी ऑर्गन वाजवते ते अशामुळेच." "आम्हाला वाटलंच होतं," तिसरी म्हणाली. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या आणि वर्ग एका वेगळ्याच विषयावर गेला.

लारू त्यात नव्हती. मी वाट बघत होते की आता म्हणेल, "तरी मी सांगत होते, टायवाला घे." तिने ते म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, पर्स घेतली आणि गेली. खायचं वाढायच्या आधी! लारू खायच्या आधी उठलेली मी आजवर पाहिली नाही.

८ मे, शुक्रवार

सकाळी लारू मागच्या दाराने आली, आइस्क्रीमचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, आइस्क्रीम.

आत कापलेल्या कडा होत्या. फोटोंच्या. एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने लाटालाटांच्या पट्ट्या, कोपरे, चंद्रकोरी.

"या काय आहेत?"

"तुला काय वाटतं? चिप्स?"

मी एक उचलली. निळा शर्ट, कोपर. दुसरीत एक कान आणि टोपी. तिसरीत जोडा आणि मागे उडालेली धूळ. टायमर लावून पळत येणारा डेलॉय, दर फोटोत अगदी कडेला, कधी अर्धा, कधी पाव, आणि लारूच्या कात्रीने मधल्या मंडळींचं अंडं करताना नेमका तोच उडालेला.

"कापलेलं सगळं तू ठेवलंस?"

"सगळं कशाला ठेवू? घरात जागा आहे का? बाकीच्यांचं फेकलं."

"माझी आईसुद्धा?"

"तुझी आई मला आवडायची नाही, नेड्रा. पण पर्स चांगली होती म्हणून ठेवली ना?"

मी दूध तापवायला ठेवलं. ती म्हणाली, "डबा मला परत हवा. आतलं झालं की." मग म्हणाली, "आतलंही परत हवं."

१२ मे, मंगळवार

वर्गाला गेलो नाही. लारूचे सगळे अल्बम आणून टेबलावर पसरले आणि कोणती पट्टी कोणत्या अंड्याची ते बसवत राहिलो. लारूला बघावं लागत नव्हतं. पट्टी हातात घेऊनच सांगायची, "ही तळ्यावरची. व्हर्नला मधमाशी चावली ती." "ही आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाची. याच्या पायात दोन वेगळे मोजे होते." आणि दर वेळी बरोबर. एवढं आठवतंय तर कापलं कशाला, असं विचारलं.

"तेव्हा तो होता ना," ती म्हणाली. "कापलेला तिथेच समोर उभा असायचा, आइस्क्रीम खात."

दुपारी एक पट्टी सापडली. बरीच रुंद. त्यात डेलॉय जवळजवळ पूर्ण आहे, पोचला आहे, हात लारूच्या खांद्याकडे गेलेला, तोंड उघडं, धाप लागलेली, आणि हसतोय. कुणी तरी फार मूर्खपणाचं काही बोललं असावं तसा. मी इतकी वर्षं त्याच्याबरोबर जेवले, त्याला असा हसताना मी रोज पाहिलं, आणि तसा फोटो कुठेही नव्हता.

"काय झालं होतं?"

"मी म्हटलं होतं, पोचलास एकदाचा, म्हाताऱ्या," लारू म्हणाली.

तिचं अंडं अल्बममधून सोडवलं. त्यात मध्ये लारू, बाजूला त्यांचे आईवडील. दोन्ही तुकडे स्कॅनरवर ठेवले आणि कॉम्प्युटरवर एकाला एक लावले. अंडं आणि पट्टी. लारूच्या खांद्यावर हात पोचला.

मधून एक लाटांची रेघ जाते, वरपासून खालपर्यंत.

२५ मे, सोमवार

स्मृतिदिन. लारूला घेऊन दफनभूमीत गेले. तिने आयरिसची फुलं बादलीभर आणली आणि व्हर्नला थोडी, आईवडिलांना थोडी, आणि उरलेली सगळी डेलॉयला घातली. मी आणलेल्या फुलांना जागाच उरली नाही, ती मी व्हर्नला दिली. व्हर्नला फुलांची ॲलर्जी होती.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "पानावर ती रेघ दिसेल का गं?"

"दिसेल," मी म्हटलं. "अख्ख्या घराण्याला."

मग घर येईपर्यंत ती मांडीवरच्या रिकाम्या बादलीची कडी पुढेमागे करत राहिली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. माझी आई घंटेबाहेर गेली तेव्हापासून मला हेच हवं होतं, सगळ्यांनी बघावं की कुणी काय कापलं. आता त्यासाठी मला काही करावंही लागणार नव्हतं. आहे तसं ठेवायचं, बस.

९ जून, मंगळवार

मास्क ठरला. कडा जरा फाटल्यासारख्या दिसणारा साधा चौकोन. लारूने अंड्याचा हट्ट सोडला, पण चंदेरी नक्षीचा सोडला नाही. तिला एका कोपऱ्यात एक फूल दिलं.

फोटो आत बसवला तर मध्ये लारू आली आणि डेलॉय पुन्हा कडेला. सवयच आहे त्यांना. मी फोटो धरून डावीकडे सरकवला. डेलॉय मध्ये आला. त्यांचे आईवडील झाकले गेले आणि लारूचं नाक मास्कच्या कडेला टेकलं.

"आता तू अर्धीच दिसतेस," मी म्हटलं.

"दिसू दे," ती म्हणाली. "पान त्याचं आहे." मग थोड्या वेळाने, "त्यांना काही झालं नाही ना? आईला आणि बाबांना?"

"आहेत. झाकलेत फक्त. मूळ फाइलला मी हातही लावलेला नाही."

"कुणी काही विचारलं तर होय म्हणू नकोस."

डेलॉय मध्ये आला तशी ती रेघही बरोब्बर मध्ये आली. लारू तिच्याकडे बघत नव्हती. इतकं ठरवून बघत नव्हती की मान अवघडली असणार.

१६ जून, मंगळवार

पुस्तकात जोड मिटवायचं एक प्रकरण आहे. शेजारचं गवत उचलायचं आणि रेघेवर ठेवायचं. शेजारचं आकाश उचलायचं, आकाशावर ठेवायचं. वाकळ शिवण्यासारखं आहे, फक्त दोरा नाही. मला वाटलं, करून तरी बघू, आवडलं नाही तर सोडून देऊ. गवत गेलं. आकाश गेलं. शर्टाला दोन दिवस लागले, निळा सगळीकडे सारखा नव्हता, खांद्यापाशी उन्हाने उडाला होता.

अडलं कानाशी. कात्रीच्या एका लाटेत डेलॉयच्या कानाची पाळीच गेली आहे, डब्यातही नाही. दुसरा कान टोपीखाली. शेवटी लारूचा उचलला. त्यातलं कर्णफूल पुसलं, थोडा मोठा केला आणि लावला. ऑस्लरांचे कान सगळे एका साच्यातले, कुणाला कळणार नाही.

हे लारूला सांगितलेलं नाही. का केलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. नीटनेटकं दिसावं म्हणून असेल.

२० जून, शनिवार

पान पाठवलं. मूळ फाइल, मधली फाइल आणि शेवटची फाइल अशा तिन्ही शॉनाला पाठवल्या, जॅनलीला पाठवल्या आणि बिशपलाही पाठवल्या. बिशपचं उत्तर आलं, "सुंदर! यातून आमच्या पुस्तिकांसाठी काही कराल का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

२५ जुलै, शनिवार

काल मेळावा झाला. खोऱ्यात, नेहमीच्या झाडांखाली. उकडलेली कणसं, बटाटे, तीन रंगांची जेली. सकाळी गावात, गाव वसवणाऱ्या पूर्वजांच्या नावाने निघते ती मिरवणूक बघून सगळे उन्हाने लाल होऊन आले होते. पुस्तकं खोक्यातून निघाली आणि घरटी एकेक वाटली गेली.

डेलॉयचं पान उघडल्यावर लोकांनी डोकी जवळ आणली. मग कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण, कारण त्याच्या त्या तोंडाकडे बघून हसल्याशिवाय राहवतच नाही. शॉना माझ्या गळ्यात पडली आणि माझी टोपी खाली पाडली. एका पुतण्याने विचारलं, "काका हसतोय कशाला एवढा?" लारू म्हणाली, "माझ्यामुळे," आणि मान ताठ केली.

मग ती पुस्तक घेऊन एका खुर्चीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने हाक मारली. बसमधली हाक.

"नेड्रा! माझी रेघ कुठे गेली?"

मी जवळ गेले. "मिटवली."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. मला वाटलं, तुला ती लोकांनी बघायला नको असेल."

"मला नको असेल?" ती म्हणाली. "इतकी सुरेख कापली होती मी!"

"लारू, त्याच्या कानाची पाळी गेली होती त्यात."

"आहे की पाळी."

"ती तुझी आहे."

तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मग स्वतःच्या कानाला हात लावून बघितला, दोन्ही कानांना. मला वाटलं, आता ओरडेल.

ओरडली नाही. पुस्तक मांडीवर ठेवून बोट पानावर टेकवलं आणि रेघ जिथे होती तिथून वरून खाली नेलं. टोपीपासून जोड्यापर्यंत. पुन्हा वर. पुन्हा खाली, हळू, खांद्यावर हात आहे तिथे थांबून. "इथेच होती," ती म्हणाली. "इथून तो सुटला होता."

मी शेजारची खुर्ची ओढून बसले. मुलं पाण्यात ओरडत होती, बटाट्यांवर माश्या बसत होत्या, कुणाला तरी उठून झाकायला हवं होतं. तिचं बोट अजून पानावर फिरत होतं, आणि डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, म्हणून मी तिला माझा रुमाल दिला.

"गुरुवारी तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते," मी म्हटलं.

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"मग माझा रुमाल परत दे."

तिने दिला नाही.